होळीला अडकलेलं दार

जुनी बोट बघायला गेलो की मी आधी तिच्या केबिनमध्ये उतरतो, झडप लावून घेतो आणि दहा मिनिटं नुसता बसून राहतो. बाहेर मालक आणि गिऱ्हाईक एकमेकांकडे बघत उभे असतात. ‘मिस्त्री आत झोपले की काय?’ असं एका पुणेकर साहेबांनी एकदा मोठ्यानं विचारलंही होतं. मी झोपत नाही, वास घेत असतो. कोरड्या बोटीला वास असा नसतोच, असला तर जुन्या दोरांचा. पाणी मुरलेल्या बोटीत मात्र माळ्यावर राहून गेलेल्या गोधडीचा वास येतो, आणि तो रंग मारून जात नाही. मी येणार म्हणून एका मालकानं आत मोगऱ्याचं अत्तर शिंपडून ठेवलं होतं. अर्ध्या मिनिटात मी बाहेर आलो आणि गिऱ्हाइकाला म्हटलं, चला, चहा घेऊ. चहा घेऊन आम्ही तसेच परत आलो.

माझा धंदा ऐकला की सोयरेधायरे अजून हसतात. ‘मावळात भाताची खाचरं असत्यात, बोटी कुटनं आल्या?’ असं लग्नाकार्यात हमखास कोणीतरी विचारतं. बोटी धरणामुळे आल्या. धरण झालं तेव्हा मी पाळण्यात होतो. आमचं बोरीचं वावर पाण्याखाली गेलं आणि आम्ही वरच्या अंगाला, पवनानगरच्या बाजूला राहायला आलो. पुढं त्या पाण्यावर पुण्या-मुंबईची हौशी माणसं शिडाच्या बोटी घेऊन यायला लागली. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, संध्याकाळी काठावर बसायचे आणि म्हणायचे, ‘आज ती पांढरी बोट आपल्या वावरावरनं गेली बघ.’ राग नसायचा त्यात, नुसती नोंद असायची. पण मी कितीही आग्रह केला तरी ते शेवटपर्यंत बोटीत बसले नाहीत.

मी मूळचा फायबरचा कामगार. वराळ्याजवळच्या एका कारखान्यात अकरा वर्षं पाण्याच्या टाक्या आणि बसची टपं केली. हाताला कायम खाज, कपड्याला कायम रेझिनचा वास. कारखाना बंद पडला तेव्हा घरी बसलो होतो, तेवढ्यात धरणावरच्या एका साहेबांची बोट खडकावर घासून फाटली. टाकी सांधता येते तर बोट का नाही, असं म्हणून मी ती सांधली. ती तरंगली, आणि मी बोटीचा मिस्त्री झालो. बाकीचं सगळं मोडक्या बोटी उघडून उघडून शिकलो. कुणा गुरूचं नाव सांगता येत नाही याचं वाईट वाटतं, पण खोटं कशाला सांगू?

लोक घेतात त्या बोटी बहुतेक वीस-बावीस फुटी असतात. आत वाकून शिरावं लागतं, पण चार माणसं झोपू शकतात. एक शेगडी, एक पाण्याची टाकी, पुढं सामान ठेवायचा खण. नवी घेणं सगळ्यांच्या आवाक्यातलं नसतं, म्हणून मुंबईच्या समुद्रावर वीस-पंचवीस वर्षं काढलेली बोट ट्रेलरवर घालून घाट चढवून आणतात. आणायच्या आधी किंवा आणल्यावर मला बोलावतात. आणल्यावर बोलावणारे जास्त.

माणसांची समजूत अशी, की फायबर कुजत नाही म्हणजे बोट कुजत नाही. फायबर कुजत नाही हे खरं. पण फायबरच्या दोन कातड्यांच्या मधे लाकूड असतं, आणि ते लाकूड कुजतं. डेकवर कुठंतरी एक बोल्ट ढिला होतो, त्याच्या भोकातून पाणी आत जातं, वरून काहीच दिसत नाही. म्हणून मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं सगळी बोट वाजवून बघतो. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजल्या जागी भद्द. दोन तास मी नुसतं ठोकत असतो आणि मालकाचा जीव वर-खाली होत असतो. मग तारा बघतो. डोलकाठी उभी राहते ती चारी बाजूंच्या तारांच्या ताणावर. तारेवरून मी कापसाचा बोळा फिरवतो. तारेचा एखादा पदर तुटला असेल तर कापूस तिथं अडकतो. हात फिरवायचा नाही, हे मी एकदाच हात फिरवून शिकलो. मग खाली आडवं पडून कील बघतो. कील म्हणजे तळाला लटकवलेलं वजन, वाऱ्यानं बोट कलली तर तिला परत उभं करतं. ते जिथं बोटीला मिळतं तिथं केसाएवढी जरी चीर दिसली तरी मी सौदा थांबवायला सांगतो.

नव्या रंगाला मी भितो. हे मात्र आबांकडून आलंय. गावात कुणालाही बैल घ्यायचा असला की आबांना बाजाराला न्यायचे. आबा रंगवलेल्या शिंगांकडे बघायचेच नाहीत. बैलाला चिखलातून दहा पावलं चालवायला सांगायचे आणि त्याच्या मागच्या खुरांकडे बघत राहायचे.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा काय सांगाव्यात? एकांनी फोटो बघून बोट घेतली. फोटोत निळ्या गाद्या होत्या, गाद्यांवर छोट्या उशा होत्या, उशांवर भरतकाम केलेले मासे होते. बोट आली, गाद्याही आल्या. फक्त शिडं आली नव्हती. ‘शिडं वेगळी घ्यावी लागतात का हो?’ असं त्यांनी मला इतक्या भाबडेपणानं विचारलं की मला हसवेना. दुसऱ्या एका जोडप्यानं वास्तूचे जाणकार बरोबर आणले होते. ते गृहस्थ होकायंत्र घेऊन केबिनमध्ये उतरले आणि गंभीर चेहऱ्यानं वर येऊन म्हणाले, ‘शेगडी आग्नेयेला नाही.’ बोट नांगरावर उभी होती. मी म्हटलं, ‘जरा दम धरा. दुपारी वारा फिरतो, मंग व्हईल आग्नेयेला.’ बाई खळखळून हसल्या, जाणकार रुसले, आणि बोट घेतली गेली. चांगली बोट होती ती, अजून आहे.

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बोटींतले दोष काढले. आता माझा दोष सांगतो. हे लिहायला बसलो तेच त्यासाठी.

लोणावळ्याला देवधर सर म्हणून शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक राहतात. त्यांची ‘टिटवी’ नावाची बावीस फुटी बोट धरणावर होती. आजवर मी ज्या माणसांची कामं केली त्यांत सरांइतका बोटीवर जीव असलेला माणूस दुसरा नाही. दर रविवारी सर आणि काकू लोणावळ्याहून यायचे. सर सुकाणूवर, आणि काकू केबिनमध्ये. केबिनच्या मधोमध एक लाकडी खांब आहे. त्याला पाठ टेकून, पाय लांब करून काकू स्वेटर विणत बसायच्या. त्यांना उन्हाचा त्रास होता, पाण्याचा नव्हता.

त्या खांबाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. तारांचा ताण डोलकाठीला खाली दाबत असतो, रात्रंदिवस. डोलकाठी डेकवर, म्हणजे केबिनच्या छतावर उभी असते. तिचं वजन डेकला एकट्यानं पेलवत नाही, म्हणून डेकच्या खाली, केबिनमध्ये, बरोबर तिच्या रेषेत हा खांब असतो. आणि खांबाचा पाय बोटीच्या तळाशी एका जाड लाकडी ठोकळ्यावर टेकलेला असतो. ठोकळा फळ्यांखाली झाकलेला, कुणाला दिसत नाही. तो कुजला की खांब खाली बसतो, डेक खाली झुकतं, तारा ढिल्या होतात आणि एखाद्या जोराच्या वाऱ्यात डोलकाठी कोसळते. आत खांबाला टेकून कुणी बसलं असेल तर त्याच्यावर.

एका श्रावणात सर म्हणाले, ‘मिस्त्री, पुढच्या खणाचं दार वर घासतंय.’ खांबाला लागूनच ते दार आहे. आता लोणावळा आणि मावळ हा मुलूख असा, की पावसाळ्यात इथलं एकूण एक दार फुगतं. घराचं फुगतं, देवळाचं फुगतं, शाळेचं फुगतं. आमच्या बायका आषाढात दार लावताना लाथ घालूनच लावतात. सुतार दिसला की कुणीही म्हणतं, जरा रंधा मारून जा. मी रंधा मारला, दार लागायला लागलं. काकूंनी मला शंकरपाळे दिले.

पुढच्या होळीच्या आठवड्यात सरांनी पुन्हा बोलावलं. दार पुन्हा अडकत होतं. मी रंधा बरोबर घेऊनच गेलो. ‘लय पाऊस झाला औंदा, लाकूड अजून बसंना,’ असं म्हणत मी वरच्या कडेवर पुन्हा रंधा मारला. आधीपेक्षा जास्त. बाहेर रणरणतं ऊन होतं, धरणाचं पाणी आटत चाललं होतं, आणि मी पावसानं फुगलेलं दार कापत होतो. ही चूक मावळातलाच माणूस करू शकतो. मुंबईच्या मिस्त्रीला कदाचित वेगळा विचार सुचला असता. होळीला दार फुगत नाही, हे माझ्या घरातल्या लहान पोरीनंही सांगितलं असतं. दार मोठं झालं नव्हतं, वरचं डेक खाली आलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या हाताखाली. आणि मी त्याला वाट करून दिली.

त्यानंतर दोन वर्षं सर आणि काकू त्या बोटीत बसून फिरत राहिले.

मग काकूंना विसर पडायला लागला. आधी विणीतले टाके विसरल्या, मग रस्ते. त्यांना घरी एकटं ठेवता येईना आणि बोटीवर नेताही येईना. सरांनी ‘टिटवी’ विकायची ठरवली. पवनानगरच्या एका रिसॉर्टवाल्याला ती हवी होती. त्याला पाण्यात सोडायची नव्हती. हिरवळीवर सिमेंटच्या ओट्यावर ठेवायची, भोवती दिव्यांच्या माळा सोडायच्या, म्हणजे लोक फोटो काढतील. तपासणीची त्याला गरजच नव्हती. ‘उद्या देतो म्हणा, उद्या क्रेन आणतो’ असं तो दर आठवड्याला म्हणत होता. सर मला म्हणाले, ‘मिस्त्री, बोट ओट्यावर चढलेली मला बघवणार नाही. कुणीतरी चालवणारं बघा.’

चालवणारी मीच शोधली. सुमेधा तळेगावची, वराळ्याच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहे. चार वर्षं सुट्टीच्या दिवशी धरणावर येऊन, दुसऱ्यांच्या बोटींवर दोर ओढून ओढून शीड चालवायला शिकलेली. स्वतःच्या बोटीसाठी तिनं बरेच दिवस वाट पाहिली होती. मे महिन्यात ती ‘टिटवी’ बघायला आली. बोट ट्रेलरवर काढलेली, डोलकाठी उतरवून बाजूला ठेवलेली. तपासायला अर्थात मीच. सरांना वाटलं, मिस्त्री आपलाच माणूस. सुमेधाला वाटलं, मिस्त्री आपलाच माणूस. मलाही तसंच वाटत होतं. बोट मला पाठ होती, तासाभराचं काम होतं.

मी डेक वाजवत होतो. सर आणि सुमेधा आत केबिनमध्ये होते. झडप उघडी होती, त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

‘सर, हे पुढचं दार एवढं तिरकं का? वर बघा, केवढी फट आहे.’

‘ते होय? पावसात अडकायचं ते. आपल्या मिस्त्रींनीच दोनदा रंधा मारलाय. एकदा श्रावणात आणि एकदा होळीला.’ सरांच्या आवाजात कौतुक होतं.

माझा हात वरच्यावर थांबला. सर ‘होळीला’ म्हणाले आणि मला एका क्षणात सगळं दिसलं. डोलकाठी उतरवल्यामुळे डेकवरचा दाब गेला होता, ते पुन्हा वर उचललं गेलं होतं, आणि मी कापलेल्या दाराच्या वर दोन बोटं जातील एवढी फट उघडी पडली होती.

मी खाली उतरलो. म्हटलं, ‘जरा बाजूला व्हता का, फळी उचलतो.’ खांबापाशी गुडघे टेकले, तळाची फळी काढली आणि स्क्रूड्रायव्हर ठोकळ्यावर टेकवला. दाबावाही लागला नाही. उकडलेल्या रताळ्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. माझी पाठ त्या दोघांकडे होती. मी फळी जागच्या जागी बसवली, हात पुसले आणि म्हटलं, ‘चहा घिऊ या का?’

वाईट बोट बघितल्यावर मी लोकांना चहा घ्यायला नेतो हे सुमेधाला माहीत नव्हतं. सरांना माहीत होतं, पण आपल्या बोटीबद्दल ते त्यांच्या मनातच आलं नाही.

टपरीवर आम्ही तिघं बसलो. तो अर्धा तास मी आजवर घरात सोडून कुणाला सांगितला नाही. ठोकळा कुजलाय हे मी सांगणार होतो, त्याबद्दल मनात शंका नव्हती. कुजक्या बोटीला चांगलं म्हणण्याइतका मी अजून पडलो नाही. पण दाराचं सांगायची काय गरज, असं मन म्हणत होतं. जुनी बोट, पाणी मुरलं, कुजला ठोकळा. कुणाला कळणार होतं? शिवाय मनात दुसरीही भीती होती. सुमेधा नको म्हणाली की रिसॉर्टवाल्याची क्रेन येणार. सरांची बोट दिव्यांच्या माळा घालून ओट्यावर चढणार, आणि त्याला मीच कारण.

सुमेधा सरांना विचारत होती, ‘माझी आई येणार आहे बरोबर. तिला पोहता येत नाही, पण बसायचंच म्हणते. तिला कुठं बसवू?’

सर म्हणाले, ‘आत खांबाला टेकून. सगळ्यात कमी हलतं तिथं. आमची ही कायम तिथंच बसायची.’

माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला. म्हटलं, ‘तितं न्हाई बसवायचं कुणाला. खांबाखालचा ठोकळा पार गेलाय. काठी कधीबी आली असती खाली.’

सुमेधानं कप ठेवला. सर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना. ते सुमेधाला म्हणाले, ‘माफ करा हं. हिच्या दुखण्यात माझं बोटीकडे लक्षच राहिलं नाही. फळ्या उचलून बघायला हव्या होत्या, दर वर्षी बघायचो. म्हातारपणी माणूस ढिला पडतो. माझीच चूक.’

चाळीस वर्षं पोरांच्या चुका दुरुस्त केलेला तो माणूस माझी चूक स्वतःच्या अंगावर घेत होता. आणि ती त्यानं घेतली असती तर मी सुटलो असतो. पण मग मला रात्री जेवण गेलं नसतं, हे त्या क्षणी मला अगदी स्वच्छ कळलं.

‘सर, चूक तुमची न्हाई. माझी हाय.’

‘तुमची कशी? तुम्ही तर आत्ता सांगितलंत.’

‘होळीला दार अडकलं तवा कळाय पायजे हुतं. होळीला दार फुगत न्हाई, सर. डेक खाली आलंतं. मी वर न बघता रंधा मारला. तीन वर्सं झाली त्याला.’

सर विज्ञानाचे शिक्षक. त्यांना आणखी समजावून सांगावं लागलं नाही. ते मनाशी हिशेब जुळवत असावेत, डेक, दार, खांब. मग एकच वाक्य बोलले. ‘आणि मी हिला तिथं टेकवून बसवत होतो.’

चहा तसाच ठेवून ते उठले, गाडीत जाऊन बसले आणि गेले. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

मी आणि सुमेधा उरलो. मी तिला म्हटलं, ‘ताई, दुसरी बघू तुमच्यासाठी. मी शोधतो.’

तिनं ते ऐकलंच नाही. म्हणाली, ‘दुरुस्त होईल का?’

‘व्हतं की. खांब काढायचा, तळ वाळवायचा, नवा ठोकळा रेझिनमधी बसवायचा, डेक उचलून पुन्हा खांब ठोकायचा. पावसाळा जाईल त्यात.’

‘मग करा.’

‘मी?’

‘आमच्या कारखान्यात ज्याच्या मशीनवरचा पीस रिजेक्ट होतो ना, त्याच्याकडूनच तो पुन्हा करून घेतात. आणि मी समोर उभी राहून मोजते.’ मग ती म्हणाली, ‘फक्त दाराला हात लावू नका.’

‘त्ये तर नवं बसवावंच लागंल. वाकडं दिसतंय.’

‘दिसू द्या. ती फट मला हवीय. काठी उभी करून तारा ताणल्या की फट आहे तेवढीच राहिली पाहिजे. कमी झाली की मला कळेल.’

इतकी वर्षं मी बोटी तपासतोय, पण असा विचार मला सुचला नसता. मी मान हलवली.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. मला वाटलं, धीर देईल. ती म्हणाली, ‘सांगितलं त्ये बरं केलं. पर दार फुगलंय का माळवद बसलंय, येवढं कळंना व्हय तुमाला? आबा असते तर त्यांनी रंधा काढून घेतला असता हातातनं.’ खरंच घेतला असता.

पावसाळाभर ‘टिटवी’ माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. सुमेधा दर रविवारी यायची आणि खरोखरच मोजपट्टी घेऊन उभी राहायची. एकदा तिनं माझा बसवलेला ठोकळा एका बाजूला सुपारीएवढा उतरता आहे म्हणून काढायला लावला. मी मनात शिव्या दिल्या आणि काढला. सरांनी तिच्याशी व्यवहार पुरा केला, कागद केले, शिडं दिली, काकूंच्या बसायची गादीही दिली. माझ्याशी मात्र त्यांचं बोलणं नव्हतं. दोनदा फोन केला, उचलला नाही. तिसऱ्यांदा करायचं धाडस झालं नाही. क्रेन आली नाही, एवढं मात्र झालं.

दसऱ्याला बोट पाण्यात गेली. डोलकाठी उभी केली, तारा ताणल्या. मी आणि सुमेधा आत उतरलो. तिनं दाराच्या वरच्या फटीत दोन बोटं घातली, मग मला घालायला सांगितली. दोन्ही बोटं आरामात गेली. तिची आई खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, ‘आता हलवा की.’ तेव्हापासून मी त्या बोटीवर कशासाठीही गेलो तरी आधी दोन बोटं फटीत घालून बघतो. दुसऱ्या बोटींवरही आता पहिल्यांदा दारं लावून बघतो, वास नंतर.

यंदाच्या श्रावणात फोन वाजला. देवधर सर. मी उभा राहूनच उचलला.

‘मिस्त्री, घरी याल का? न्हाणीघराचं दार अडकतंय. हिला आतून उघडता येत नाही, घाबरते ती. रंधा घेऊन या.’

लोणावळ्यात सुतारांना तोटा नाही. सरांच्या गल्लीतच दोन आहेत. हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी दीड तासात पोचलो.

सरांनी दार उघडलं. थकलेले दिसत होते. काकू खिडकीशी बसल्या होत्या. मला ओळखलं नाही, पण ‘शंकरपाळे देऊ का?’ असं विचारलं. मी न्हाणीघरापाशी गेलो. रंधा पिशवीतून काढला नाही. आधी चौकट बघितली, वरची तुळई बघितली, उंबरा ठोकला, सरांकडून बॅटरी मागून घेतली आणि भिंतीच्या कडेनं छताकडे बघत राहिलो. मग ओळंबा धरून चौकट उभी आहे का ते पाहिलं. सर मागे हात बांधून उभे होते.

‘अहो, नुसतं फुगलंय ते,’ सर म्हणाले.

‘असू द्या, सर. आदी बगतो.’

नुसतं फुगलंच होतं. चौकट ओळंब्यात होती, तुळई जागेवर होती, बाहेर धो धो पाऊस होता. मी रंधा मारला. सरांनी दार तीनदा उघडून लावून बघितलं. मग काकूंना हाताला धरून आणलं आणि त्यांच्याकडून उघडून घेतलं. काकूंनी उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, आणि आमच्या दोघांकडे बघून हसल्या. त्यांनी मघाशी काढून ठेवलेले शंकरपाळे बशीत होते. सरांनी बशी माझ्यापुढं केली.

निघताना सर फाटकापर्यंत आले. छत्री माझ्या डोक्यावर धरली होती. म्हणाले, ‘मिस्त्री, होळीला या. दार बघून जा.’

आता दिवाळी होऊन गेली, होळीला अजून चार महिने आहेत. मी जाणार आहे.